एक पिशवी फोडायला हवी

पहिल्यांदा रोपं पडली ती एका रात्रीत. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, चार दिवस सूर्य दिसला नव्हता. संध्याकाळी गादीवाफ्याजवळून गेले तेव्हा बहाव्याची रोपं कोवळी पानं पसरून उभी होती, इतकी दाट की मधली माती दिसू नये. त्या दाटपणाचं मला कौतुक वाटत होतं. सकाळी पाहिलं तर वाफ्याच्या एका कोपऱ्यात ताटलीएवढ्या गोलातली सगळी आडवी झालेली. पानं हिरवीच होती. कुणी वरून हात फिरवून निजवावीत तशी पडली होती.

मला वाटलं, पाणी कमी पडलं. झारी भरून आणली आणि त्या कोपऱ्यात सावकाश रिती केली. दुसऱ्या दिवशी ताटलीची परात झाली.

शेजारची आक्का म्हशीला वैरण टाकून परत चालली होती, ती बांधावर थांबली. आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं ती सरकारी रोपवाटिकेत रोजानं कामाला होती. पिशव्या भरायच्या, बी टोकायचं, तण काढायचं, पिशव्या उचलून इकडच्या तिकडे करायच्या. ती वाफ्याशी उकिडवी बसली.

"पानी कशापायी घालतीस गं? ती तहानेनं न्हाई पडली."

तिनं एक रोप दोन बोटांत धरलं. उपटावं लागलंच नाही, ते नुसतं हातात आलं. देठ मातीला जिथं टेकतो तेवढाच भाग पिळलेल्या दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी झाला होता. वर ताजं पान, मधे हा दोरा, आणि खाली मूळ जवळजवळ नाहीच.

मी बावीस वर्षं पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केलं. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने हाताळण्यात उमेदीचा काळ गेला. निदान हा शब्द माझ्या रोजच्या भाकरीतला. आणि तरी शिरवळजवळच्या आमच्या गावी परत येऊन रोपवाटिका सुरू केल्यावर पहिल्याच दुखण्यात मी नमुना न बघता औषध दिलं होतं. ते मनाला फार लागलं. तेव्हापासून रोपांच्या दुखण्यांकडे मी लॅबमधल्या सवयीनं बघायला लागले, आणि आता पाच पावसाळे झाल्यावर त्याबद्दल लिहावंसं वाटतं आहे. ज्यांनी आपल्या हातांनी बी टोकलं आणि मग रिकाम्या किंवा पिवळ्या पिशव्यांकडे बघत बसण्याची वेळ आली, त्यांच्यासाठी.

त्या दुखण्याला पुस्तकात 'रोपं कोलमडणं' म्हणतात, नर्सरीवाले नुसतं 'मर लागली' म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोप्थोरा, फ्युजेरियम यांपैकी कुणी एक, किंवा दोघं-तिघं मिळून ते करतात. सगळ्यांना बुरशी म्हणायची पद्धत आहे, पण पिथियम आणि फायटोप्थोरा या खऱ्या बुरशा नाहीत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. हे वाचलं आणि माझी ती झारी डोळ्यांपुढे आली. कोपऱ्यातला रोग मीच पाण्याबरोबर वाफ्याच्या मधोमध नेऊन सोडला होता.

नीट बघितलं असतं तर वाफा सगळं सांगत होता. तहानेनं रोपं माना टाकतात ती आधी शेंड्याकडून, आणि उन्हाच्या बाजूची सगळी एकदम. किड्यानं रात्री देठ कुरतडला तर काप स्वच्छ असतो आणि रोप इथं एक, तिथं एक असं पडतं. तापलेल्या मातीनं देठ भाजला तर डाग उन्हाच्या अंगाला आणि पांढुरका पडतो. माझ्या वाफ्यात मात्र गोल होता, कडेनं वाढत जाणारा. गोल म्हणजे एका जागी सुरू होऊन शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेलेलं काहीतरी. आणि तो सुरू झाला होता बरोबर त्या ठिकाणी, जिथं हिरव्या जाळीच्या शिवणीतून पावसाचं पाणी टपकत होतं. कुठे, कधीपासून, आणि कोणत्या आकारात, हे तीन प्रश्न मी आता कुठल्याही आजारी वाफ्यापुढे उभी राहून आधी विचारते. 'कोणता रोग' हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि बऱ्याचदा तोवर त्याची गरज उरत नाही.

आक्कानं सांगितलं तसं केलं. पाणी बंद. जाळी गुंडाळून ठेवली. परातीच्या कडेबाहेरची चार बोटं रुंदीची रोपं, जी माझ्या डोळ्यांना ठणठणीत दिसत होती, तीसुद्धा मातीसकट उचलून लांब पुरली. ते करताना हात अडखळत होता. उरलेल्यांत विरळणी केली, वरून कोरडी वाळू भुरभुरली. मग बुरशीवरचं बोर्डो मिश्रण केलं, शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना या प्रमाणात, पण बादलीभरच. त्याची परीक्षा मला फार आवडते. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. खिळा जसाच्या तसा बाहेर आला की मिश्रण वापरण्याजोगं. घरच्या घरी करता येणारी इतकी चोख तपासणी मी लॅबमध्येही फारशी पाहिलेली नाही. अर्थात पडलेलं रोप बोर्डोनं उठत नाही. उभं आहे ते वाचतं, एवढंच.

पण तो वाफा इतका दाट का होता, याचं उत्तर आदल्या वर्षात होतं.

आदल्या वर्षी मी बहाव्याच्या शंभर पिशव्या भरल्या होत्या. गाळाची माती, वाळू, शेणखत, सगळं मापानं. उगवली तीन रोपं. सत्त्याण्णव पिशव्या दोन महिने तशाच, नुसतं तण उगवत राहिलं. बी जुनं असेल, पोकळ असेल, किडलेलं असेल असं वाटून मी एका पिशवीतली बी उकरून काढली. ती पेरली त्या दिवशी होती तशीच होती, टणक, चकचकीत, तपकिरी, धुतली असती तर पुन्हा विकता आली असती. सुरीनं कापली. आत पांढरट पिवळा गर, कोरडा, घट्ट. दोन महिने ओल्या मातीत राहून पाण्याचा एक थेंब आत गेला नव्हता.

जुन्या ओळखीतून थोडं टेट्राझोलियम मिळवलं. १९४० च्या दशकात गेओर्ग लाकोन या जर्मन शास्त्रज्ञानं बियांसाठी ही तपासणी बसवली. हे रसायन पाण्यात विरघळतं तेव्हा रंगहीन असतं, पण जिवंत पेशीत श्वसन चालू असेल तर ते लाल होतं; बी जिवंत आहे की मेलेलं ते त्यावरून कळतं. बियांचं कवच थोडं तासून रात्रभर पाण्यात ठेवल्या, मग उभ्या चिरून त्या द्रावणात घातल्या आणि अंधारात झाकून ठेवल्या. काही तासांनी बघितलं तर अंकुर लालभडक झालेले. एकूण एक. मी किती वेळ ती बशी हातात घेऊन बसले होते. सत्त्याण्णव पिशव्यांत जे मेलं असं मी धरून चालले होते, ते सगळं जिवंत होतं आणि दाराशी पाणी यायची वाट बघत होतं.

बहावा, शिरीष, बाभूळ यांच्या बियांचं वरचं कवच पाणी आत घेतच नाही. झाडाच्या बाजूनं बघितलं तर हा शहाणपणा आहे. वळवाच्या एका सरीवर सगळ्या बिया उगवल्या आणि पुढं पंधरा दिवस ऊन पडलं तर वर्षभराची मेहनत गेली. म्हणून काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही नंतर. बहाव्याची शेंग कोल्हा खातो, माकडं फोडतात, अस्वल खातं. मधल्या काळ्या गोड गरासाठी खातात आणि बिया दुसरीकडे नेऊन टाकतात. आमच्या पिशव्यांत कोल्हा नव्हता. त्याचं काम मला पॉलिश पेपरवर करावं लागलं. बीच्या ज्या टोकाला कोंब असतो ते सोडून दुसरीकडं घासायचं, आतला फिका रंग दिसेपर्यंत. नाहीतर उकळून उतरवलेलं पाणी ओतायचं आणि त्यातच रात्रभर गार होऊ द्यायचं. सकाळी ज्या बिया फुगल्या त्या पेरायच्या, ज्या तशाच राहिल्या त्यांच्यावर पुन्हा एकदा गरम पाणी ओतायचं. घासलेल्या बिया मला जास्त भरवशाच्या वाटतात, पण बोटांची सालं निघतात.

तर दुसऱ्या वर्षी मी सगळं बी घासलं, आणि निम्म्याहून कमीच उगवेल या धास्तीनं सगळंच्या सगळं एका वाफ्यात टाकलं. ते जवळजवळ सगळं उगवलं. त्या गर्दीत वारा खेळेना, माती वाळेना, आणि मग ती रात्र आली.

लॅबमध्ये आमच्या वरिष्ठ बाई एक गोष्ट नेहमी समजावायच्या. नमुना नळीत जोरात हलवला, किंवा सुई बारीक वापरून घाईनं ओढला, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. यंत्र बिनचूक आकडा देतं, तो आकडा मोठा असतो, आणि पेशंटला काहीही झालेलं नसतं. चूक यंत्रापाशी नमुना पोचण्याच्या आधीच घडलेली असते. रोपवाटिकेत मला ते रोज आठवतं. आज जे पान पिवळं दिसतं ते तीन आठवड्यांपूर्वी पिवळं व्हायला लागलेलं असतं, आणि आज जी पिशवी रिकामी आहे ती बी गोळा केलं त्या दुपारीच रिकामी झालेली असू शकते.

तशी एक दुपार माझ्याकडे आहे.

ओढ्याच्या कडेला, रस्त्याला लागून आमचं जांभूळ होतं. आजोबांच्या लहानपणीही ते मोठंच होतं असं घरात सांगायचे. जूनमध्ये त्याच्याखालची वाट जांभळी व्हायची, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या जिभा आणि शर्ट दोन्ही रंगायचे. मी गावी आले त्याच वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाडांच्या खोडांवर रंगानं आकडे पडले. जांभळावरही पडला. झाड वाचणार नाही हे कळल्यावर मी ठरवलं की निदान त्याची रोपं करायची. त्याचीच. फळं गोळा केली, गर कुस्करून बिया स्वच्छ धुतल्या. शे-पाचशे तरी असतील. आणि मग मी त्या अंगणात खाटेवर कापड अंथरून आठ दिवस कडक उन्हात वाळवल्या.

आई घेवड्याचं, दोडक्याचं, भोपळ्याचं बी असंच वाळवायची. खडखडीत झालं की राखेत घोळवून डब्यात. त्या डब्यातलं बी पुढच्या वर्षी उगवायचंच. मी काही हलगर्जीपणा केला नाही. इतक्या मायेनं मी दुसरं कुठलंच बी हाताळलेलं नाही. रोज संध्याकाळी उचलून आत घेत होते, दव लागू नये म्हणून. पिशव्या भरून व्हायला जुलै संपत आला, तेव्हा डबा उघडून पेरणी केली. एकही उगवलं नाही.

कापून बघितलं तेव्हा आत तपकिरी, सुरकुतलेला, सालीपासून सुटलेला गोळा होता. घासायला, उकळतं पाणी ओतायला, वाट बघायला तिथं काही उरलेलंच नव्हतं.

"जांभूळ वाळवत्यात व्हय?" आक्का म्हणाली, आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाली. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाली, "त्ये वल्लंच टोकायचं असतं बाय. खाल्लं का टोकलं."

१९७३ साली ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांची जी विभागणी मांडली ती मी नंतर वाचली. एका गटातलं बी वाळवावं तितकं टिकतं. घेवडा, ज्वारी, बहावा, बाभूळ त्यातले. त्यांना शास्त्रात ऑर्थोडॉक्स म्हणतात. दुसऱ्या गटातलं बी झाडावरून पडतं तेच ओलसर, आतून जागं, उगवायच्या वाटेला लागलेलं. ते रिकॅल्सिट्रंट. त्याला वाळवलं की ते मरतं. जांभूळ, आंबा, फणस, कोकम सगळे या घरातले. कडुनिंब मधला आहे. निंबोळी पिवळी पडली की गर काढून, सावलीत सुकवून, दोन-तीन आठवड्यांत पेरली तर छान उगवते. उशीर केला की दर आठवड्याला उगवण घसरत जाते. बहाव्याच्या बीला मी ओल देऊन थकले होते आणि त्याला इजा हवी होती. जांभळाच्या बीला मी जपलं, आणि त्याला फक्त त्याच दिवशीची माती हवी होती. दोन्ही पिशव्या बाहेरून बघितल्या तर अगदी सारख्या, काळ्या आणि रिकाम्या.

एक गोष्ट मला अजून छळते. त्या जुलैत जांभळाखालच्या ओल्या पाचोळ्यात लालसर कोवळ्या पानांची पुष्कळ रोपं उभी होती. मी ती पाहिली होती. डब्यात शे-पाचशे बिया असताना ती उचलून पिशवीत लावायचं माझ्या मनात आलं नाही. दिवाळीपर्यंत शेळ्यांनी ती खाल्ली, आणि डिसेंबरात झाड पडलं. त्या दिवशी मी घरीच बसून होते. करवतीचा आवाज अंगणात येत होता.

पिवळ्या पानांबद्दल मात्र मी आता बऱ्यापैकी शांतपणे बोलू शकते, कारण पिवळेपणा वेळ देतो. पान पिवळं पडलं की युरिया टाकायचा, ही आमच्याकडची पद्धत. कधीकधी तो लागू पडतोही, पण तो पिवळेपणा ओळखता येतो. नत्र कमी पडलं की रोप खालच्या जुन्या पानांतलं काढून वर पाठवतं, म्हणून खालची पानं आधी आणि सगळीकडून सारखी पिवळी होतात. लोह कमी पडलं तर उलट होतं. शेंड्याची नवी पानं पिवळी, जवळजवळ पांढुरकी, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. माझ्या ताम्हणाच्या रोपांना दुसऱ्या वर्षी असं झालं. ताम्हण आपलं राज्यपुष्प, त्याचं हक्काचं घर कोकणातल्या ओढ्यांकाठचं. मी त्याला आमच्या चुनखडीच्या मातीत लावलं होतं आणि वर बोअरचं जड पाणी देत होते. त्या पाण्यानं किटलीच्या बुडाला थर बसतो, तसाच पांढरा थर पिशवीतल्या मातीच्या कडांनाही बसला होता. चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकलं तर ती फसफसली. लोह मातीत होतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नव्हतं. युरियाचं पोतं ओतलं असतं तरी उपयोग झाला नसता. पावसाचं पाणी पिंपांत साठवून तेवढ्यावर ताम्हण ठेवला, मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि पानांचा कुजका भुगा वाढवला, तेव्हा नवी पानं हिरवी यायला लागली. जुनी पिवळी राहिलीच. ती हिरवी होतील म्हणून वाट बघू नये, नव्या पानाकडे बघावं.

तिसरा पिवळेपणा चंदनाचा. तो मी कधीच ओळखू शकले नसते. चार-पाच पानांची देखणी रोपं, महिना-दोन महिने उत्तम वाढली, मग फिकी पडून जागच्या जागी थांबली. खत दिलं, पाणी बदललं, जाळी बदलली, काही फरक नाही. चंदन अर्धपरजीवी आहे. बीमधली शिदोरी संपली की त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि पाणी, क्षार त्यांच्याकडून घेतात. माझ्या पिशव्यांत शेजारी कुणी नव्हतं. मी तर काडी-काडी तण वेचून काढलं होतं. आता चंदनाच्या प्रत्येक पिशवीत तुरीचे एक-दोन दाणे टोकते आणि तूर डोक्यावर जायला लागली की खुडते. निरोगी दिसण्यासाठी मी त्याला एकटं ठेवलं होतं, आणि तेच त्याचं दुखणं होतं.

हुमणीबद्दल फार लिहीत नाही. अर्धवट कुजलेलं शेणखत पिशवीत भरलं की तिच्या अळ्या त्यातून आत येतात. रोप वरून तहानल्यासारखं दिसतं, पाणी देऊनही सावरत नाही, आणि हलकेच ओढलं की मूळ नसलेला देठ हातात येतो. खत पसरून, उलथून, कोंबड्या सोडून एक दिवस ठेवला की बरंच काम होतं.

पण सगळ्यांत उशिरा कळणारा आजार पानांवर येतच नाही. पहिल्या वर्षाच्या चिंचा ही माझ्या रोपवाटिकेची शान होती. पाच बाय आठ इंचांच्या पिशवीत तीन-तीन फूट उंच, दाट, गडद हिरव्या. लोक आले की मी आधी त्या दाखवायची. दोन पावसाळे त्या पिशवीतच होत्या, कारण मला त्या आणखी मोठ्या करून द्यायच्या होत्या. ज्यांनी नेल्या त्यांच्यापैकी एका शेतकऱ्यानं तिसऱ्या वर्षी मला बोलावून घेतलं. झाड वाढत नाही, आणि वादळी वाऱ्यानं एक तर कलंडलंय म्हणाला. कलंडलेलं झाड आम्ही उकरलं. सोटमूळ पिशवीच्या तळाशी जाऊन वळलं होतं, आणि पुढं वळतच राहिलं होतं. डोक्यावर हंडा ठेवायला बायका चुंबळ करतात तशी जाड, लाकडी झालेली चुंबळ. पिशवी काढून तीन वर्षं झाली होती, तरी मूळ अजून पिशवीतच होतं. आजूबाजूला मोकळी माती होती आणि त्याला ती दिसत नव्हती.

मी त्या शेतकऱ्याला त्या सगळ्या रोपांच्या बदल्यात नवी रोपं दिली. पण त्याची गेलेली तीन वर्षं मला देता आली नाहीत. आता चिंच किंवा शिरीष एका पावसाळ्यापलीकडे लहान पिशवीत ठेवत नाही. आक्काची रोपवाटिकेतली जुनी सवय, दर काही आठवड्यांनी पिशव्या उचलून जागा बदलायची, तिचा अर्थही तेव्हा लागला. तळाच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत घुसलेलं मूळ त्यानं तुटतं आणि आत बारीक मुळं फुटतात. मला इतके दिवस ते नुसतं तण काढायच्या सोयीसाठी वाटायचं. आणि गिऱ्हाईक उंच रोप मागायला लागलं की मी स्पष्ट नाही म्हणते. पिशवीपेक्षा फार उंच वाढलेलं रोप बघून मला आता आनंद होत नाही, काळजी वाटते.

या सगळ्यातून एकच पद्धत माझ्या हाती उरली. काही कळेनासं झालं की एक पिशवी फोडायची. ब्लेडनं उभी चिरायची, माती पाण्यात हलके धुवायची आणि मुळांकडे बघायचं. पांढरी टोकं म्हणजे जीव आहे. तपकिरी आणि बोटांनी ओढल्यावर साल सुटून आतली तार उरणारी म्हणजे कुजलेली. गोल फिरलेली म्हणजे उशीर झालेला. करंजाच्या मुळांवर गाठी असतील तर एखादी फोडून बघायची, आतून गुलाबी निघाली म्हणजे ती हवेतलं नत्र धरायच्या कामाला लागलेली आहे. वरून वीस दिवस तर्क करण्यापेक्षा पाच मिनिटांत जास्त कळतं. पण त्यासाठी एक रोप द्यावं लागतं, आणि ते देणं मला अजूनही सोपं जात नाही. लॅबमध्ये नमुना घेतला तर माणूस उठून घरी जायचा.

या जूनमध्ये ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या जांभळाची फळं आणली. ते झाड बरंच लहान आहे. आमच्या जांभळाचं बी पाण्यानं किंवा पाखरांनी तिथं नेलं असेल असं मला वाटतं, पण तसं सांगायला पुरावा नाही. फळं सकाळी वेचली, गर काढला, दुपारच्या आत टोकलं. तीन आठवड्यांत पिशव्यांत लालसर कोंब दिसायला लागले. जांभळाच्या एका बीत एकाहून जास्त अंकुर असू शकतात. बाराव्या ओळीतल्या एका पिशवीत एकाच बीतून तीन रोपं आली. मी त्या पिशवीवर खडूनं खूण केली होती.

जुलैच्या मध्यावर पावसानं ओढ दिली. त्या ओळीतल्या रोपांची पानं कडांनी करपायला लागली. मी रोज सकाळ-संध्याकाळ झारी फिरवत होते, माती वरून काळी ओली दिसत होती. मर असेल, मुळं कुजत असतील, पाणी बंद करावं असं माझ्या मनात होतं. एकदा पोळलेली होते ना. आक्का आली, ओळीवरून नजर फिरवली आणि खुणेच्या पिशवीपाशीच थांबली, कारण सगळ्यांत जास्त तीच करपली होती.

"फोड."

"ही नको आक्का. दुसरी फोडू."

"दुसरीचं दुसरीला कळंल. हिला काय झालंय ते हिलाच इचार."

तिनं ब्लेड माझ्याकडे धरलं. मी पिशवी उभी चिरली. वरची दोन बोटं माती ओली होती, चिकट, हवी तशी. त्याखाली सगळी कोरडी, फिकी, मुठीत धरली तर राखेसारखी निसटणारी. मुळं कुजलेली नव्हती. तिन्ही रोपांची मुळं त्या दोन बोटांच्या ओलीत दाटीवाटीनं, आडवी पसरली होती. एकच बारीक मूळ खाली उतरलं होतं आणि अर्ध्यावर थांबलं होतं. त्याचं टोक अजून पांढरं होतं.

आक्कानं मोठ्या पिशवीत माती भरून ठेवली, मी तिन्ही रोपं एकत्रच, न सोडवता, तिच्यात बसवली. मग झारीचा गाळणीसारखा फुलोरा काढून ठेवला आणि बारीक धारेनं पहिली पिशवी भरायला घेतली. पाणी वर साचायचं, थांबायचं, मुरायचं. पुन्हा थोडं. आक्का तळाच्या भोकांपाशी हात धरून बसली होती.

"आलं," ती म्हणाली. मी पुढच्या पिशवीकडे सरकले. त्या ओळीत चाळीस पिशव्या होत्या.